शिकारीसाठीचे कॅमोफ्लाज चेहरारंग: त्वचेच्या बाजूने केलेले परीक्षण

शिकारीसाठी चेहऱ्याला लावायचे कॅमोफ्लाज रंग बहुतेक जण वेष्टनावरचे जंगलाचे चित्र पाहून घेतात. हिरवा, तपकिरी आणि काळा या तीन छटा दिसल्या की खरेदी आटोपते, आणि डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचायची राहून जाते. हा रंग पहाटेच्या अंधारात लावला जातो, दबा धरून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर घाम, धूळ आणि ऊन यांच्यासह कित्येक तास राहतो, आणि शेवटी दमलेला माणूस तो घाईघाईने घासून काढतो. इतका वेळ अंगावर राहणाऱ्या आणि इतक्या जोराने काढल्या जाणाऱ्या वस्तूची पारख केवळ छटांवरून करणे मला पटत नाही. म्हणून या परीक्षणात मी बाजारात मिळणारे प्रकार त्वचेच्या बाजूने पाहिले आहेत: रंग कशात खललेला आहे, त्यात सुगंध आणि टिकवणद्रव्ये कोणती आहेत, आणि मुख्य म्हणजे तो निघतो कसा. जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे तिथले शिकारी आणि कॅमेरा घेऊन लपणात बसणारे छायाचित्रकार, दोघांनाही हे सारखेच लागू पडेल.

आधी या रंगाचे काम काय ते पाहू, कारण त्यावरच त्वचेला किती सूट देता येईल हे ठरते. उघडा चेहरा सावजाच्या नजरेत येतो तो मुख्यतः दोन कारणांनी. कपाळ, नाक आणि गालांची हाडे तेलकट असल्याने उजेड परत फेकतात, आणि डोळे, नाक व तोंड यांची ठरावीक मांडणी पानापाचोळ्यात वेगळी उठून दिसते. ही चमक मारली आणि मांडणी मोडली की रंगाचे काम बव्हंशी झाले. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात; पांढऱ्या शेपटीच्या हरणात त्यांची संवेदनशीलता सुमारे ४५० ते ४६० नॅनोमीटर आणि ५३७ नॅनोमीटर या लांबीच्या प्रकाशलहरींना सर्वाधिक असते. निळ्याकडचा उजेड त्यांना चांगला जाणवतो, मात्र तांबड्या आणि नारिंगी रंगांत त्यांना आपल्यासारखा भडकपणा दिसत नाही. अशा प्राण्यासमोर शेवाळी हिरवा लावला की ऑलिव्ह हिरवा, याने फारसे बिघडत नाही; चेहरा चमकतो का आणि हलतो का, याने बिघडते. रानटर्की आणि बदके यांची गोष्ट वेगळी आहे. पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या रंगग्राही शंकुपेशी असतात आणि वरून उडणाऱ्या बदकांना मान वर करून पाहणारा उघडा चेहरा फार लांबून कळतो, त्यामुळे तिथे चेहरा अधिक झाकावा लागतो. तरीही दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो: रंग मंद, बिनचमकीचा हवा, छटांच्या बाबतीत मात्र हात बराच मोकळा आहे. त्वचेला मानवणारा रंग शोधणाऱ्याला हे मोकळेपण फार उपयोगी पडते, कारण एखादी छटा खुपत असेल तर ती सोडून देता येते.

दुसरी सोयीची गोष्ट वासाची. हरीण आणि रानडुक्कर यांचे नाक माणसाची चाहूल डोळ्यांच्या आधी घेते, म्हणून शिकारी वाऱ्याचा रोख पाहूनच जागा धरतो. त्वचाविकारतज्ज्ञ ज्या घटकांबद्दल सर्वाधिक सावध करतात त्यांत सुगंधी द्रव्ये अग्रभागी आहेत. म्हणजे सुगंध नसलेला रंग सावजासाठीही चांगला आणि गालासाठीही चांगला, आणि या एका बाबतीत तडजोड करण्याचे काहीच कारण उरत नाही. असे असूनही पाइन, देवदार किंवा ओल्या मातीच्या वासाची उत्पादने शिकाऱ्यांना आवर्जून विकली जातात. माणसाचा वास झाकण्याचा तो प्रयत्न असेल, पण झाडांपासून काढलेली सुगंधी तेले आणि राळ यांची ॲलर्जी अनेकांना असते, आणि असा वास चेहऱ्यावर, थेट नाकाखाली घेऊन बसणे मला अनाकलनीय वाटते. झाकणवास वापरायचाच असेल तर तो कपड्यांवर किंवा बुटांवर असावा.

आता एकेक प्रकार घेऊ. सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे कांडी. नळीच्या दोन टोकांना दोन रंग, आत मेण आणि खनिज तेल किंवा पेट्रोलेटम (व्हॅसलिनसारखी जेली), त्यात खललेली रंगद्रव्ये, एवढीच तिची घडण. अमेरिकी सैन्याच्या कांड्यांत हिरव्या झाडोऱ्यासाठी फिकट हिरवा आणि गडद मातकट, रुक्ष प्रदेशासाठी वाळूचा रंग आणि फिकट हिरवा, बर्फासाठी मातकट आणि पांढरा अशा जोड्या असत, आणि आज रोथकोसारख्या कंपन्यांच्या ज्या कांड्या मिळतात त्या याच परंपरेतल्या आहेत. कांडीत पाणी नसते. पाणी नसले की जंतूंना वाढायला वाव कमी, म्हणून टिकवणद्रव्येही कमी लागतात, आणि ज्यांना टिकवणद्रव्यांचा त्रास होतो त्यांच्यासाठी हा खरा गुण आहे. घाम आणि पाऊसही ती चांगला सोसते. दोष मात्र दोन आहेत आणि ते लहान नाहीत. थंडीत मेण कडक होते, कांडी गालावरून सरकण्याऐवजी त्वचा ओढते, आणि जोर लावला की रंग लागण्याआधी ओरखडा उठतो. ती काही मिनिटे मुठीत किंवा खिशात गरम करून, बोटावर घेऊन लावली तर हा त्रास बराच कमी होतो. दुसरा दोष काढतानाचा, त्याकडे पुढे सविस्तर येतो. मुरुमांकडे कल असलेल्या त्वचेला मेण आणि तेल यांचा जाड थर मानवत नाही हेही लक्षात ठेवावे. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचे स्वतंत्र वर्णन क्लिगमन आणि मिल्स या त्वचातज्ज्ञांनी १९७२ सालीच केले होते, आणि तो त्रास लगेच न दिसता काही आठवडे किंवा महिने वापर झाल्यावर दिसतो. हंगामात कधीतरी वापरणाऱ्याला त्याची फारशी भीती नाही, रोज लावणाऱ्याला आहे.

आरशासह येणारी डबी हा दुसरा प्रकार. हंटर्स स्पेशालिटीज या कंपनीची कॅमो-कॉम्पॅक ही डबी शिकाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे, आणि त्याच धर्तीच्या डब्या इतरही अनेक कंपन्या काढतात. आतला रंग कांडीपेक्षा मऊ, लोण्यासारखा असतो आणि बोटाने सहज पसरतो, त्यामुळे लावताना त्वचेला इजा होत नाही. तीन-चार छटा शेजारी शेजारी असल्याने रंग कमी वाया जातो आणि आरसा असल्यामुळे डोळ्याजवळ चाचपडावे लागत नाही. मला रोजच्या वापरासाठी मेणकट प्रकारांत डबी कांडीपेक्षा उजवी वाटते. मऊपणा आणण्यासाठी त्यात तेलाचे प्रमाण जास्त ठेवलेले असेल तर मात्र चेहऱ्याला तुकतुकी येते, आणि मग ज्यासाठी रंग लावला तोच हेतू हरतो. घेण्यापूर्वी शक्य असेल तर मनगटावर एक बोट ओढून उजेडात तिरके धरून पाहावे. चमक दिसली तर ती डबी परत ठेवावी, मग तिच्यावर चित्र कितीही घनदाट जंगलाचे असो.

पाण्यात कालवून लावायच्या वड्या शिकारीच्या दुकानांपेक्षा नाटकाच्या रंगभूषेच्या जगात अधिक दिसतात, आणि संवेदनशील त्वचेच्या माणसाने त्यांच्याकडे वळावे असे मी आग्रहाने सांगेन. १९४५ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली क्रायोलान आणि १९२७ पासून रंगभूषेत असलेली अमेरिकेतील मेहरॉन या कंपन्यांच्या अशा वड्यांत हिरव्या, तपकिरी, राखाडी छटा सुट्या मिळतात. नटांच्या चेहऱ्यावर प्रयोगामागून प्रयोग वापरण्यासाठीच त्या बनवलेल्या असल्याने रोजच्या वापराचा विचार त्यांत आधीपासून झालेला असतो. ओल्या स्पंजाने पातळ थर बसतो, वाळल्यावर तो बहुधा मंद दिसतो, आणि कोमट पाणी व सौम्य क्लेन्झर यांनी तो उतरतो. उतरण्याची ही सहजता माझ्या लेखी या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे. अडचण अशी की घामाच्या धारा लागल्या किंवा पाऊस आला की तो वाहतो, आणि वाहिलेला रंग डोळ्यांत जातो. कोरड्या, थंड हवेत, फार चाल नसलेल्या बैठकीसाठी तो उत्तम. दमट हवेत चढण चढून जायचे असेल तर निरुपयोगी. शिवाय ज्या प्रकारांत पाणी असते किंवा जे सतत ओले केले जातात त्यांना टिकवणद्रव्ये लागतातच, त्यामुळे कांडीच्या बाजूने वर सांगितलेला गुण इथे उलटा पडतो. दोष नसलेला प्रकार अस्तित्वात नाही. आपल्या त्वचेला यांपैकी कशाचे वावडे आहे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

नळीतून येणाऱ्या मलमांबद्दल फार सांगण्यासारखे नाही, ती डबीचीच भावंडे आहेत. फक्त सिलिकोनवर आधारलेली मलमे वेगळी काढली पाहिजेत. सिलिकोनची ॲलर्जी क्वचितच आढळते, ते हलके बसते आणि घाम सोसते. सैन्यासाठीच्या संशोधनातही ते पुढे आले आहे: २०१२ साली सदर्न मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी स्फोटाच्या झळीपासून काही सेकंद चेहरा वाचवणारा कॅमोफ्लाज रंग मांडला, तेव्हा जळणारे मेण आणि खनिज तेल वगळून त्यांनी सिलिकोनचाच आधार घेतला होता. शिकाऱ्याला स्फोटाशी कर्तव्य नसले तरी तेलकट रंग जाडसर फासून शेकोटीवर किंवा स्टोव्हवर तोंड खुपसून फुंकर मारू नये, एवढे तरी त्यावरून घ्यावे.

कोळशाच्या कांड्या अलीकडे मोठ्या दिमाखात विकल्या जातात. कार्बोमास्क हे त्यांतले एक ओळखीचे नाव. सक्रिय कोळसा गंध शोषतो हे खरे, पण तो शोषतो तो त्याच्या सूक्ष्म छिद्रांमुळे, आणि तीच छिद्रे मेणात बुडाल्यावर किती मोकळी राहत असतील याबद्दल मला शंका आहे. एकाच काळ्या रंगाने चमक मारण्याचे काम मात्र त्या नीट करतात, घटकांची यादी छोटी असू शकते, आणि छोटी यादी ही ॲलर्जी असलेल्या माणसाला नेहमीच हवीशी असते. काढताना काळे कण नाकपुड्यांच्या कडेला आणि भुवयांत रेंगाळतात, त्याची तयारी ठेवावी. घरी जाळलेल्या बुचाची काजळी, चुलीतली राख किंवा तिथलीच ओली माती फासणाऱ्यांची एक परंपरा आहे आणि तिला नैसर्गिक म्हणून मान दिला जातो. लाकडाची राख तीव्र अल्कधर्मी असते, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. घामाने ओली झालेली राख तासन्‌तास गालावर ठेवणे म्हणजे जळजळ ओढवून घेणे आहे. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि दाढी करताना लागलेली बारीक चीरही त्यांना वाट देऊ शकते. काजळी त्या मानाने निरुपद्रवी, पण खरखरीत. वीस रुपये वाचवण्याच्या नादात कुणी यांकडे वळू नये.

आता वेष्टनावरच्या शब्दांकडे. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेला, हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो आणि ग्राहकाला तो प्रमाणपत्रासारखा वाटतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली या शब्दासाठी चाचणीची अट घालून पाहिली होती, परंतु दोन प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली तो नियम रद्द ठरला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. उत्पादकाला जो अर्थ अभिप्रेत असेल तोच त्याचा अर्थ. त्वचेची छिद्रे न बुजवणारा अशा अर्थाच्या ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ची स्थिती याहून फार बरी नाही. ‘अनसेंटेड’ आणि ‘सुगंधरहित’ या दोन शब्दांत तर चांगलाच सापळा आहे: पहिल्यात घटकांचा मूळ वास दाबण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. यादीत ‘परफम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द आहे का ते पाहावे, असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही.

टिकवणद्रव्यांच्या बाबतीत लोकांची भीती बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. पॅराबेन हे प्रसाधनांतले जुने टिकवणद्रव्य, आणि ‘पॅराबेनमुक्त’ असे लिहिलेले पाहून हायसे वाटते. पण अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली पॅराबेनला मुद्दाम ‘वर्षाचा बिनॲलर्जीचा घटक’ म्हणून निवडले होते, कारण ताज्या, न फुटलेल्या त्वचेवर त्याची ॲलर्जी फार थोड्यांना होते. त्याच संघटनेने २०१३ साली ‘वर्षाचा ॲलर्जीकारक घटक’ ठरवला तो मेथिलआयसोथायाझोलिनोन, आणि पॅराबेन काढून टाकणारे अनेक उत्पादक त्याच काळात त्याच्याकडे वळलेले होते. युरोपीय संघाने २०१७ पासून, लावून ठेवायच्या प्रसाधनांत या घटकाला बंदी घातली आहे. चेहरारंग हा लावून ठेवायचाच प्रकार असल्याने हे लांबलचक नाव यादीत दिसले तर तो रंग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५ यांसारखी फॉर्मल्डिहाइड सोडणारी द्रव्येही त्याच रांगेतली. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, मऊपणासाठी घालतात. इसब असलेल्यांना तिची ॲलर्जी तुलनेने जास्त आढळते, बाकीच्यांना बहुधा काही होत नाही.

रंगद्रव्ये वाचायची तर यादीत ‘सीआय’ या अक्षरांपुढे येणाऱ्या क्रमांकांवरून वाचावीत. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोहाची तांबडी, पिवळी आणि काळी ऑक्साइडे. तपकिरी आणि मातकट छटा यांच्या मिश्रणातून येतात आणि त्वचेशी ती सहसा भांडत नाहीत. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, छटा फिकट करणारे. ७७२८८ हा क्रमांक दिसला की तो क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा आहे असे समजावे. हे क्रोमियम त्रिसंयुजी आणि अविद्राव्य असते, त्यामुळे सिमेंटच्या कामात हात फोडणाऱ्या षट्संयुजी क्रोमियमइतके ते त्रासदायक नाही. तरीही चामड्याच्या पट्ट्याने किंवा सिमेंटने ज्यांना पुरळ उठते त्यांनी हिरवा रंग टाळून नुसत्या तपकिरी-काळ्यावर भागवावे. हरणाच्या दृष्टीबद्दल वर जे सांगितले ते आठवले तर यात काही गमावले असे वाटणार नाही. अमेरिकी नियमांत क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा बाह्य त्वचेसाठी आणि डोळ्यांभोवती चालतो, ओठांसाठी चालत नाही. लोहाच्या ऑक्साइडांना ही मर्यादा नाही, म्हणून ओठांवर लावायचाच असेल तर तपकिरी लावावा.

जड धातूंचा प्रश्नही यातच येतो. कॅम्पेन फॉर सेफ कॉस्मेटिक्स या अमेरिकी गटाने २००९ साली लहान मुलांचे १० चेहरारंग प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा दहाही रंगांत शिशाचा अंश आढळला आणि सहांत निकेल, कोबाल्ट किंवा क्रोमियम. खनिज रंगद्रव्यांत असे अंश राहतातच. म्हणूनच प्रसाधनातल्या लोह ऑक्साइडमध्ये शिसे दहा लाख भागांत १० भागांहून जास्त असू नये अशी मर्यादा अमेरिकेत घातलेली आहे. मला यातल्या निकेल आणि कोबाल्टची काळजी अधिक वाटते, कारण खोट्या दागिन्यांनी किंवा पट्ट्याच्या बक्कलने ज्यांना खाज सुटते त्यांची त्वचा अल्प अंशालाही ओळखते. यावर ग्राहकाच्या हाती उपाय एकच आहे: ज्या वस्तूवर घटकांची पूर्ण यादी, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक नाही ती घेऊ नये. शिकारीच्या सामानासोबत फुकट मिळणाऱ्या निनावी कांड्या या कसोटीवर टिकत नाहीत.

यादी वाचून झाली तरी आपली त्वचा काय म्हणेल ते तिलाच विचारावे लागते. आग, चुरचुर, लाली लगेच आली तर तो प्रक्षोभ, म्हणजे ॲलर्जी नसलेला साधा दाह. खरी संपर्क-ॲलर्जी मात्र बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी डोके वर काढते, म्हणून आदल्या रात्री मनगटावर ठिपका देऊन सकाळी निर्धास्त होणे ही चाचणी नव्हे. अमेरिकी त्वचातज्ज्ञ संघटना सुचवते ती पद्धत अशी की नवे उत्पादन दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा बाहूच्या आतल्या अंगाला नाण्याएवढ्या जागेत लावत राहावे. डबीतला प्रत्येक रंग वेगळ्या जागी तपासावा, कारण प्रत्येकाची रंगद्रव्ये निराळी असतात आणि हिरव्याने खाज सुटली म्हणून तपकिरी टाकून देण्याचे कारण नाही. हंगामाच्या तोंडावर खरेदी करणाऱ्यांना हे जमत नाही, आणि नेमके तेच लोक पहिल्या दिवशी सुजलेल्या पापण्या घेऊन परततात.

लावण्याच्या बाबतीत माझा आग्रह कमी लावण्याचा आहे. सैनिकी पुस्तिकांत सांगितलेली रीत सोपी आहे: कपाळ, नाक, गालांची हाडे, हनुवटी, कान हे उजेड झेलणारे भाग गडद करावेत, आणि डोळ्यांभोवती, नाकाखाली, हनुवटीखाली सावली पडते तिथे फिकट रंग द्यावा. त्वचेची काळजी असलेल्याने यातला फक्त पहिला अर्धा भाग उचलला तरी चालते; पापण्यांची त्वचा सर्वांत पातळ, तिला रंगापासून सुटका मिळते आणि चमक तर मरतेच. दाढी आदल्या संध्याकाळी करावी, सकाळी नको. सूर्यरोधक मलम आधी लावून ते पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, मग रंग. रंगालाच सूर्यरोधक समजू नये, वेष्टनावर तसा आकडा असल्याशिवाय तो धरायचा नसतो. डास घालवणारे डीट प्लास्टिक विरघळवते, त्यामुळे डीट लागलेल्या बोटांनी प्लास्टिकची डबी हाताळू नये; चेहऱ्याऐवजी टोपी, कॉलर यांवर ते लावावे. बंदूक गालाला टेकते तिथे किंवा धनुष्याची दोरी हनुवटीला लागते तिथे रंग ठेवू नये, तो दस्त्यावर आणि दोरीवर उतरतो, आणि दुर्बिणीच्या काचेवर त्याचा डाग पडला तर सकाळ वाया जाते.

आता काढण्याकडे. चेहरारंगाने त्वचा बिघडली असे जे म्हटले जाते त्यातला बराच दोष माझ्या मते रंगाचा नसून, तो काढताना केलेल्या घासाघाशीचा असतो. मेण पाण्याला दाद देत नाही, मग साबण वाढतो, साबण पुरत नाही म्हणून खरखरीत टॉवेल येतो, आणि शेवटी लाल झालेला, सोललेला गाल रंगाच्या नावाने ओरडतो. तेलकट रंग तेलानेच निघतो. साधे खनिज तेल किंवा सुगंधरहित क्लेन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर घेऊन, बोटांनी हलके गोल फिरवत मिनिटभर थांबावे. मेण सैल होऊन रंग तेलात उतरतो. तो मऊ, ओलसर कापडाने टिपून घ्यावा, गरज पडली तर पुन्हा तेल घ्यावे, आणि मगच कोमट पाण्याने व सौम्य क्लेन्झरने तेल धुवावे. केसांची कड, कानामागची घडी आणि नाकपुड्यांची बाजू यांसाठी तेलात भिजवलेला कापूस पुरतो. सिलिकोनच्या मलमालाही हीच रीत. शेवटी चेहरा दमट असतानाच साधे मॉइश्चरायझर लावावे. टर्पेंटाइन, पेट्रोल किंवा गॅरेजमधली हात धुण्याची पेस्ट चेहऱ्याजवळ आणू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगावे लागते. गाडीत ठेवलेले ओले टिश्यू सोयीचे खरे, मात्र त्यांत सुगंध आणि टिकवणद्रव्ये असतात, आणि पाण्याने न धुता त्यांनीच काम उरकले तर ती चेहऱ्यावर राहतात. रंग निवडताना इतकी दक्षता घेऊन शेवटी टिश्यूने घोटाळा करणारे बरेच असतात. कंपनी रंगासोबत तो काढण्याचे ओले टिश्यू देत असेल तर त्यांचीही यादी वाचावी.

सक्रिय इसब, रोसेशिया (गाल-नाक लाल राहण्याचा विकार), फुटलेले मुरुम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर यांपैकी कोणताच रंग मी सुचवणार नाही. त्यांच्यासाठी पातळ जाळीचा मुखवटा आहे. त्याने बाजूचे दिसणे थोडे आखडते, चष्म्यावर वाफ धरते आणि धनुर्धाऱ्याची दोरी कधी कापडात अडकते, पण तो धुता येतो आणि त्वचेला काही चिकटत नाही. जाळी डोळ्यांखालपासून घेऊन फक्त कपाळाला रंगाची दोन बोटे, हा मधला मार्गही पुष्कळांना मानवतो.

माझी पसंती विचाराल तर कोरड्या हवेसाठी रंगभूषेच्या कंपनीची पाण्यातली वडी, तपकिरी आणि राखाडी अशा दोनच छटांत. घामाच्या किंवा पावसाच्या दिवसांसाठी सुगंधरहित, मंद डबी किंवा सिलिकोनचे मलम, सोबत तेलाची छोटी बाटली. कांडी मी फक्त त्यांना सुचवेन ज्यांना टिकवणद्रव्ये सोसत नाहीत. कोणतेही घेतले तरी वेष्टनावरचे उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यावरचा, उघडल्यावर किती महिने वापरावे हे सांगणारा आकडा पाहावा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी, आणि वास बदलला, थर फुटला किंवा वडीवर ठिपके आले की आकड्याची वाट न पाहता ती टाकावी. सोबत्यांमध्ये एकच कांडी फिरवण्याची पद्धत बंद करावी. एकाच्या ओठावरचा हर्पीसचा फोड दुसऱ्याच्या गालापर्यंत जायला तेवढे पुरते. रंग वाटायचाच असेल तर स्वच्छ चमच्याने प्रत्येकाच्या तळहातावर थोडा थोडा काढून द्यावा.